उकिरड्यावरची वनवाट

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा समुद्रकांठचा रस्ता ज्यांनीं एकदां तरी पाहिला आहे, त्यांना आरे व वारे या जोडगांवांची वेगळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं. रस्ता डोंगराच्या कड्यानें वळसा घेतो, आणि खालीं एका बाजूस आऱ्याची व दुसऱ्या बाजूस वाऱ्याची वाळू पसरलेली दिसते. सुरूच्या रांगा, समुद्राला मिळणारी खाडी आणि तिच्या चिखलांत उभीं असलेलीं खाजणांतलीं झुडपें, एवढाच काय तो या देखाव्याचा सरंजाम. गिरणीचें धुराडें या किनाऱ्यानें कधीं पाहिलें नाहीं. मग कारखान्यांच्या जुन्या परिसरांत पुन्हां वाढविलेल्या रानाचा, आणि त्या रानांतून जाणाऱ्या पाऊलवाटेचा विचार करतांना आरे-वाऱ्यापासून सुरुवात कां करावी, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येणें साहजिक आहे.

त्याचें कारण माणसांच्या जाण्यायेण्यांत आहे. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत कापसाच्या गिरणीची कंपनी स्थापिली, व १८५६ पासून ताडदेव येथील त्या गिरणींतून सूत निघूं लागलें. पुढील पन्नास वर्षांत भायखळा, लालबाग, परळ या भागांत गिरण्यांची दाटी झाली, आणि त्यांना लागणारे हात मोठ्या प्रमाणावर कोंकणानें पुरविले. कोंकणची जमीन जांभ्या दगडाची. डोंगरउतारावर नाचणी-वरी आणि सखल जागीं भात, एवढ्यावर वाढत्या कुटुंबाचें भागत नसे. आगबोट मात्र किनाऱ्याला लागूनच जात असे. घरांतला कर्ता मुलगा होडींतून आगबोटीवर चढे, मुंबईस भाऊच्या धक्क्यावर उतरे, गांवच्या मंडळींच्या खोलींत पथारी टाके आणि भोंग्याबरोबर गिरणींत शिरे. १९११ च्या खानेसुमारीच्या वेळीं मुंबईंतील गिरणीकामगारांपैकीं जवळजवळ निम्मे लोक रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले होते. आजचा सिंधुदुर्ग जिल्हाहि त्या काळीं रत्नागिरींतच मोडत असे. तेव्हां मुंबईच्या कारखानदारीचा इतिहास हा रत्नागिरीकरांना परका नाहीं. त्या शहराचें पुढें काय झालें, तेथील जमिनीचें काय झालें, हें पाहण्याचा त्यांना हक्क आहे. आणि आज आरे-वाऱ्याच्या वाळूवर उभें राहून पाहिल्यास त्यांतून त्यांना घेण्यासारखेंहि पुष्कळ आहे.

कारखान्यांचें शहर माल निर्माण करतें, तसाच मळहि निर्माण करतें. मुंबईचें बेट लांबट व अरुंद आहे. दक्षिणेस किल्ला, बंदर व पेढ्या, मध्यावर गिरण्या, आणि उत्तर टोंकास माहीमची खाडी. शहराला जें नकोसें होई, तें या उत्तर टोंकाकडे ढकललें जाई. एके काळीं हें टोंक राज्याची सीमा होतें. खाडीच्या अलीकडे इंग्रजांची मुंबई व पलीकडे साष्टी, अशी स्थिति असतांना धारावी येथें एक लहानसा किल्ला उभा राहिला. गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या आज्ञेनें १७३७ सालीं तो बांधल्याचा शिलालेख त्याच्या भिंतींत आहे, आणि लोक त्याला काळा किल्ला म्हणतात. त्याच वर्षीं मराठ्यांनीं साष्टी घेतली, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या चिमुकल्या किल्ल्याचें प्रयोजन कळतें. पुढें सीमा गेली, सायन व माहीम येथें बांध घालून रस्ते झाले, आणि किल्ल्याभोंवतीं खाडीचा चिखल, कोळ्यांची वस्ती व मोकळीं खाजणें एवढेंच उरलें. १८८७ च्या सुमारास तेथें कातडीं कमावण्याचा पहिला कारखाना आला. दुर्गंधि सुटणारा धंदा भर वस्तींत कोणास चालत नाहीं. म्हणून त्याला धारावीची वाट दाखविण्यांत आली. त्यामागून कुंभार आले, चांभार आले, शिलाईची व भंगाराची कामें आलीं. श्रम करणाऱ्या लोकांनीं भराव टाकून टाकून दलदलीवर घरें बांधलीं.

या वस्तीच्या उत्तरेस मिठी नदी वाहते. तिचा जन्म विहार व पवई या तलावांच्या सांडव्यांतून होतो, आणि सुमारें १८ किलोमीटरांचा प्रवास करून ती माहीमच्या खाडीस मिळते. नांव मिठी असलें, तरी तिच्या पाण्याला गेल्या शतकांत गोडी कसली ती राहिली नाहीं. कारखान्यांचें सांडपाणी, गोठ्यांचें शेण, तेलाचीं पिंपें धुतल्याचें पाणी, असें सर्व कांहीं तिच्या पात्रांत आलें. आणि याच नदीच्या दक्षिण तीरावर, काळ्या किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर, शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अनेक वर्षें रित्या होत होत्या. हजारों घरांतली राख, बाजारांतला कुजका भाजीपाला, चिंध्या, कांचा, पत्रे आणि पुढें प्लॅस्टिक, यांच्या थरावर थर चढले. खाजणाची जागा उकिरड्यानें घेतली. १९७७ च्या सुमारास येथें कचरा टाकणें थांबलें, तेव्हां मागें राहिला तो सुमारें ३७ एकरांचा, धुमसणारा, कोणालाहि नको असलेला भूखंड.

त्याच सुमारास नदीच्या दुसऱ्या तीराविषयींहि विचार चालू होता. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण ही शासकीय संस्था १९७५ सालीं स्थापन झाली होती. १९७७ मध्यें उत्तर तीरावरील वांद्रे-कुर्ला भागाच्या नियोजनाचें काम तिच्याकडे सोंपविण्यांत आलें. तेथील सुमारें ३७० हेक्टर सखल प्रदेशावर भराव पडून पेढ्यांच्या व कचेऱ्यांच्या उंच इमारती उठल्या. दक्षिण तीरावरील उकिरड्यासाठीं मात्र निराळी सूचना आली. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेंतील निसर्गप्रेमी मंडळींनीं असें सुचविलें कीं, या जागीं शहरांतील मुलांना झाडें, पाखरें व कीटक यांची ओळख होईल असें उद्यान करावें. ती सूचना मान्य होऊन हेंहि काम त्याच प्राधिकरणानें हातीं घेतलें. एकाच नदीचे दोन तीर, एकच संस्था आणि जवळजवळ एकच काळ. पण एका तीरावर बाजार झाला व दुसऱ्यावर रान झालें.

उकिरड्यावर रान वाढविणें हें बोलण्याइतकें सोपें नसतें. पुरलेला कचरा वर्षानुवर्षें कुजत राहतो. कुजतांना त्यांत उष्णता निर्माण होते, मिथेन नांवाचा ज्वालाग्राही वायु सुटतो, आणि ढीग हळूहळू खचत जातो. मुळांना हवा मिळत नाहीं. पावसाचें पाणी कचऱ्यांतून झिरपतांना क्षार व विषारी द्रव्यें बरोबर घेतें. यासाठीं प्रथम कचऱ्यावर स्वच्छ मातीचा थर पसरावा लागतो, मग हालअपेष्टा सोसणारीं झाडें लावावीं लागतात. शिंबावर्गांतील वृक्षांच्या मुळांवर गांठी असतात, व त्यांतील जंतु हवेंतला नत्रवायु धरून मातीला देतात; म्हणून असल्या भूमींत त्यांचा उपयोग होतो. त्यांचीं पानें गळतात, कुजतात, काळी माती बनते, आणि त्या मातींत मग नाजूक झाडांना ठाव मिळतो. निसर्ग जें काम शतकांत करतो, तें कांहीं वर्षांत घडविण्याचा हा प्रयत्न असतो, आणि त्यांत माळ्यांच्या व मजुरांच्या रोजच्या कष्टांचा वांटा सर्वांत मोठा असतो.

या उद्यानांतलें पहिलें रोपटें १९८३ सालीं पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्तें लावण्यांत आलें. तेव्हां ते ८६ वर्षांचे होते. १९४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानें भारतीय पक्ष्यांची ओळख सामान्य वाचकांना करून दिली होती, आणि त्यांचें घरहि खाडीच्या पलीकडे वांद्र्यासच होतें. स्वतः लावलेल्या झाडाची सावली त्यांना फार दिवस लाभावयाची नव्हती. १९८७ सालीं ते निवर्तले. या सालाच्या शेजारचें दुसरें एक साल रत्नागिरीकरांच्या स्मरणांत खोल रुतलेलें आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईंतील सुमारें २,५०,००० गिरणीकामगार संपावर गेले, आणि बहुतेकांचा तो संप कधीं संपलाच नाहीं. भोंगे थांबले, मनिऑर्डरी थांबल्या. कित्येक कुटुंबें सामानसुमान घेऊन कोंकणांत परतलीं. ज्या शहरांत एका बाजूस गिरण्या मुक्या होत होत्या, त्याच शहराच्या उकिरड्यावर दुसऱ्या बाजूस खड्डे खणून रोपें लावलीं जात होतीं.

२२ एप्रिल १९९४ रोजीं हें उद्यान लोकांसाठीं खुलें झालें. महाराष्ट्र निसर्ग उद्यान हें त्याचें नांव. माहीमचें निसर्ग उद्यान असेंहि त्याला म्हणतात. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं जर्मनींतहि असाच एक प्रयोग लोकांपुढें आला. ऱ्हूर प्रांतांत डुइसबुर्ग येथील लोखंड गाळण्याचा मोठा कारखाना १९८५ सालीं बंद पडला होता. पेटर लात्स या उद्यानकारानें तो पाडला नाहीं. गंजलेल्या भट्ट्या तशाच उभ्या ठेविल्या, खनिजाच्या कोठारांत बागा केल्या, आणि धातूच्या मळीवर आपोआप उगवलेल्या भूर्जवृक्षांना वाढूं दिलें. १९९४ पासून तेथें लोक भट्ट्यांच्या सावलींतून फिरूं लागले. न्यूयॉर्क शहरांत स्टेटन बेटावर १९४८ पासून खाडीच्या दलदलींत कचरा टाकीत असत. तो डोंगर २००१ सालीं बंद करून त्याचेंहि टप्प्याटप्प्यानें उद्यान करण्याचें काम पुढें हातीं घेण्यांत आलें. माहीमचें काम या दोहोंच्या मानानें आकारानें लहान; पण न्यूयॉर्कच्या ढिगावर अजून कचऱ्याच्या गाड्या रित्या होत होत्या, त्या वेळीं माहीमचें रान उभें राहिलेलें होतें.

आतां त्या वाटेनेंच चालून पाहूं. सायनहून वांद्र्यास जाणाऱ्या जोडरस्त्यावर, धारावीच्या बस आगारासमोर, उद्यानाचें प्रवेशद्वार आहे. बाहेर मोटारींचा गलबला इतका कीं शेजाऱ्याचा शब्द ऐकूं येऊं नये. आंत शंभर पावलें गेल्यावर तो आवाज झाडांत विरूं लागतो. पायांखालीं पाचोळा, डोक्यावर करंजाची गर्द सावली, बाजूस बांबूचीं बेटें. १४,००० हून अधिक झाडें येथें वाढलीं आहेत, आणि शंभराहून अधिक जातींचे पक्षी येथें नोंदले गेले आहेत. तांबटाचा टुक्टुक् आवाज कानांवर पडतो. झुडपांतून भारद्वाजाचें तांबूस पंख दिसतात न दिसतात तोंच नाहींसे होतात. पावसाचें पाणी धरून ठेवण्यासाठीं एक तळें केलेलें आहे. ज्या भूमीच्या पोटांत कचरा आहे, तेथें खोल विहिरीच्या पाण्यावर विसंबून राहतां येत नाहीं. आभाळांतून पडेल तेंच सांठवून उन्हाळा काढावा लागतो. शाळेंतील मुलें शिक्षकांबरोबर येतात, पानें ओळखतात, फुलपाखरांमागें धांवतात. त्यांच्यापैकीं पुष्कळ मुलें शेजारच्या धारावींतलीं असतात, आणि त्यांच्या घराजवळ मोकळ्या मातीवर उभें राहण्याची अशी दुसरी जागा क्वचितच सांपडेल.

चालणाऱ्यानें मात्र एक गोष्ट विसरूं नये. त्याच्या पायांखालीं अजून तो उकिरडा आहे. भाजीपाल्याची माती झाली. कांच व प्लॅस्टिक यांची झाली नाहीं. हें रान म्हणजे पूर्वीच्या खाजणाचें पुनरागमन नव्हे. पूर्वीं येथें भरतीचें पाणी येत असे, तें आतां येत नाहीं. गेलेलें परत आणणें माणसाच्या हातीं नव्हतें. जें उरलें होतें त्याचें कांहीं चांगलें करणें एवढेंच त्याच्या हातीं होतें, व तें त्यानें केलें.

वाट शेवटीं नदीकांठीं येते. येथें खऱ्या खाजणाची एक पट्टी अजून शिल्लक आहे. काळ्या चिखलांतून तिवरांचीं श्वसनमुळें खुंट्यांसारखीं वर आलेलीं दिसतात. चिखलांत प्राणवायु नसतो. म्हणून हीं मुळें ओहोटीच्या वेळीं हवेंतून श्वास घेतात. आरे-वाऱ्याकडच्या माणसाला हें झाड नवें नाहीं. घाणेरड्या पाण्यांतहि तग धरण्याची शक्ति तिवरांत मोठी आहे, आणि म्हणूनच मुंबईच्या खाड्यांत तो टिकून आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी कांठ सोडून वस्त्यांत शिरली आणि शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. तेव्हां या खाजणांचें मोल शहराला कळलें. नदीला पसरावयास जागा लागते, ती जागा भराव घालून आपण हिरावून घेतली, ही जाणीव त्या पुरानें करून दिली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें राज्यांतील खाजणांतील झाडें तोडण्यास मनाई केली. तिवरांच्या पट्टीवरून नजर पलीकडे टाकली, तर वांद्रे-कुर्ल्याच्या कांचेच्या इमारती उन्हांत झळकतांना दिसतात. दोन तीरांचा हा विरोध येथें उभें राहिल्यावर जितका स्पष्ट दिसतो, तितका नकाशांत दिसत नाहीं.

येथें एक विचार सुचतो. उकिरड्याचें रान झालें, मग गिरण्यांच्या जमिनींचें काय झालें? मुंबईंतील ५८ गिरण्यांच्या ताब्यांत मिळून सुमारें ६०० एकर जमीन होती, आणि ती शहराच्या अगदीं मध्यावर होती. १९९१ च्या नियमाप्रमाणें या जमिनींचे स्थूलमानानें तीन वांटे व्हावयाचे होते: एक मोकळ्या जागांसाठीं महापालिकेकडे, एक सामान्यांच्या घरांसाठीं आणि एक मालकाकडे. २००१ सालीं नियम बदलला, आणि ज्या जमिनीवर बांधकाम नव्हतें तेवढ्याच जमिनीचे वांटे करावे असें ठरलें. गिरणीच्या आवारांत बहुतेक जागेवर शेड उभ्या; तेव्हां वांटणीस फारच थोडी जमीन उरली. प्रकरण न्यायालयांत गेलें, व ७ मार्च २००६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बदललेला नियम कायम केला. त्यानंतर तेथें उंच मनोरे आले, मोठीं दुकानें आलीं. ज्यांच्या आजोबांनीं त्या जमिनीवर साचे चालविले, त्यांच्या नातवंडांना सावलींत बसावयास तेथें एखादें मैदान मिळालें असतें, तर तें अगदींच अनाठायीं झालें नसतें.

माहीमचें रान कां वाढलें आणि परळचें कां वाढलें नाहीं, याचें उत्तर कठोर आहे. उकिरड्याला बाजारांत किंमत नव्हती, म्हणून तो झाडांच्या वांट्यास आला. गिरण्यांच्या जमिनीला किंमत होती, म्हणून ती झाडांच्या वांट्यास आली नाहीं. आणि आतां रान वाढल्यामुळें त्या उकिरड्यालाहि किंमत आली आहे. धारावीच्या पुनर्वसनाची मोठी योजना पुढें आली, तेव्हां तिच्या हद्दींत या उद्यानाचेंहि नांव आल्यानें लोकांत खळबळ उडाली. निसर्गप्रेमी मंडळींनीं हरकत घेतली, आणि उद्यान १९९१ पासून संरक्षित वन आहे याची आठवण द्यावी लागली. उद्यानाला हात लागणार नाहीं, असें शासनाच्या वतीनें सांगण्यांत आलें. कायद्याचें कवच अगोदरच चढविलेलें होतें, म्हणून हें सांगणें भाग पडलें, हें विसरतां कामा नये.

आतां पुन्हां कोंकणांत येऊं. रत्नागिरीकरांनाहि असा प्रश्न एकदां पडला होता, व त्यांनीं त्याचें उत्तर वेळींच दिलें होतें. १९९२ च्या सुमारास शहराजवळील सुमारें ५०० एकर औद्योगिक जमिनीवर तांबें गाळण्याचा कारखाना उभारण्याचें काम सुरू झालें. आंब्याचे बागाईतदार, मच्छीमार व शहरांतील नागरिक एकत्र आले. धूर मोहोरावर बसेल, सांडपाणी समुद्रांत जाईल, अशी त्यांची भीति होती. आंदोलन पेटलें, आणि १९९३ च्या जुलै महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांनीं बांधकाम थांबविण्यास सांगितलें. तो कारखाना पुढें तामिळनाडूंत तूतीकोरीन येथें गेला. तेथें वर्षानुवर्षें तक्रारी चालल्या. २२ मे २०१८ रोजीं कारखान्याविरुद्धच्या मोर्चावर पोलिसांनीं गोळीबार केला, त्यांत १३ माणसें मरण पावलीं, आणि त्यानंतर कारखाना बंद करण्यांत आला. कारखानदारी नको, असा याचा अर्थ करणें बरोबर होणार नाहीं. कोंकणच्या तरुणाला काम हवें आहे, आणि तें घराजवळ मिळालें तर त्याला मुंबईची वाट धरावी लागणार नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे. प्रश्न एवढाच कीं, जमीन बिघडल्यावर तिची शुश्रूषा करावयाची, कीं बिघडण्यापूर्वींच कोणती जमीन कशासाठीं हें ठरवावयाचें?

आज आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यावर धुराडें नाहीं. पण पाहुण्यांची रीघ आहे. सागरी रस्त्यानें हा किनारा सर्वांच्या आटोक्यांत आणला. कड्यावर मोटारी थांबतात, खालच्या वाळूंत प्लॅस्टिकच्या बाटल्या राहतात, आणि किनाऱ्यालगतच्या जमिनीला मागणी येते. उकिरडा होण्यास कारखानाच लागतो असें नाहीं. रोजच्या रोज थोडें थोडें टाकलें तरी पुरतें. माहीमला ३७ एकरांचें रान करण्यास, १९७७ पासून १९९४ पर्यंत, सतरा वर्षें लागलीं, आणि तरीहि पूर्वींचें खाजण परत आलें नाहीं. आऱ्याच्या खाडींत व वाऱ्याच्या वाळूवर तें मूळचें धन अजून शिल्लक आहे. त्याची हद्द आखून, त्यावर कायद्याचें कवच चढवून, त्यांतून एक साधी पाऊलवाट राखावयाची असेल, तर त्यासाठीं माती टाकावी लागणार नाहीं कीं झाडें लावावीं लागणार नाहींत. ग्रामपंचायतींनीं व जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनीं एकत्र बसून ठराव करावा लागेल, आणि तो पाळावा लागेल. आगबोटींतून मुंबईस गेलेल्या पिढ्यांनीं पाठविलेल्या पैशांवर हीं गांवें कित्येक वर्षें जगलीं. त्या शहराचा हा अनुभवहि गांवानें पदरांत घ्यावा, इतकेंच येथें सुचवावयाचें आहे.